चिगर रिकाम्या झाडावर भुंकत नाही

डेल्फा कॉडिलने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्वतःच्याच गाडीच्या टपावर बसला होता. पाय वर ओढून, पोटाशी टेपरेकॉर्डर कवटाळून. आणि खाली तिची चिगर, जेमतेम गुडघ्याएवढी कुत्री, घसा फोडून भुंकत होती.

“चावते का ही?” त्याने वरून विचारलं.

“अजून कुणाला चावली नाही,” डेल्फा म्हणाली. “पण इतक्या पटकन टपावरही कुणी चढलं नव्हतं.”

त्याचे कान लाल झाले. चांगला सहा फुटी, चष्मेवाला माणूस, आणि कान असे लाजरे! डेल्फाला ते भारी आवडलं.

नाव लायल टेटलो. उत्तरेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून आलेला. देशभरातले बोलीतले शब्द गोळा करून मोठा शब्दकोश करायचा होता, आणि अमेरिकेतल्या पूर्व केंटकीचे हे डोंगर त्याच्या वाट्याला आले होते. मुक्काम तीन आठवड्यांचा.

“या जातीला काय म्हणता तुम्ही?” त्याने टपावर बसूनच खिशातून चिठ्ठी काढली.

“फाइस. खारींच्या शिकारीचं कुत्रं. दिसायला मूठभर, पण वेळ आली तर अस्वलाच्या अंगावर जाईल.”

“आणि त्यावरूनच ना... फाइस्टी?”

डेल्फाचं हसू मावळलं. “तो शब्द दुसऱ्या कुणाला विचारा. चल गं, चिगर.”

कारण तो शब्द तिला चिकटलेला होता. सोळाव्या वर्षी शाळेच्या नाचात तिने एका मुलाला आपणहून विचारलं होतं, “नाचतोस का?” तो नाचला, चांगला दोन तास नाचला. पण दुसऱ्या दिवशी नाव झालं ते तिचं. “कॉडिलांची पोरगी भारी फाइस्टी हं!” त्याला कुणी काही म्हणालं नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली. तेव्हापासून डेल्फाने ठरवून टाकलं होतं, काही झालं तरी पहिला शब्द समोरच्याचा. मी नाही बोलणार.

लायल मात्र रोज येऊ लागला. निमित्त तिच्या वडिलांचं. हॉबर्ट कॉडिलनी तीस वर्षं खाणीत काढली होती. छातीत कोळसा भरलेला, दहा पावलं चालले की धाप लागायची. पण जिभेला धाप नव्हती. ओसरीवर बसून ते शब्द सांगायचे, लायल टेपवर घ्यायचा, आणि डेल्फा मक्याचा पाव आणि ताक आणून ठेवायची. त्याचा हात तिच्या हाताला लागला की कान लाल. रोज. न चुकता.

एक दिवस तिनेच विषय काढला. “हं, चालू करा तुमचं यंत्र. फाइस्टी म्हणजे जी पोरगी एका जागी बसत नाही, उलट बोलते, मुलांच्या पुढेपुढे करते. पुढे कंसात माझं नाव टाका.”

“शहरात हल्ली कौतुकानं म्हणतात,” तो म्हणाला. “धीट, खमकी अशा अर्थी.”

“मग शहरात आमच्या गल्लीतल्या बायका नसतील. बरं, आणि मुळात? अगदी पहिला अर्थ?”

“पहिला... नको.” कान!

“अहो, नको काय? आमचा शब्द, आम्हालाच सांगायचा नाही?”

लायलने टेपरेकॉर्डर बंद केला. “पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात... त्याचा अर्थ होता... वारा. पोटातला. गुपचूप सोडलेला.”

हॉबर्टनी कान पुढे केला.

“बड्या घरच्या बायका छोटी कुत्री जवळ बाळगायच्या,” तो घाईघाईने सांगू लागला, “आणि वास आला की कुत्र्याला रागवायच्या. म्हणून कुत्र्याला ते नाव पडलं. मग तसल्या सगळ्याच छोट्या, तापट कुत्र्यांना. आणि मग...”

“आणि मग मला!” डेल्फा म्हणाली.

हॉबर्ट इतके हसले की पाणी आणून द्यावं लागलं. डेल्फाही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण भांडी घासताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. केलं बाईसाहेबांनी आणि नाव कुत्र्याचं! दोन तास तोही नाचला होता की. मग सहा वर्षं मीच का खाली मान घालून फिरले? तिला पहिल्यांदाच त्या शब्दाचा नाही, स्वतःचा राग आला.

शेवटच्या शनिवारी खारी हुडकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा होती. त्याच दिवशी दुपारी लायल निघणार होता.

“यंदा चिगर नाही उतरणार,” डेल्फाने आदल्या दिवशी सांगितलं. “खार लबाड असते. तुम्ही या बाजूला आलात की ती खोडाच्या त्या बाजूला. एकट्याला जन्मात दिसायची नाही. एकाने गप्प उभं राहायचं, दुसऱ्याने झाडाला वळसा घालायचा, की आलीच ही या अंगाला. वळसा घालायचे ते डॅडी. आता त्यांना डोंगर चढवत नाही.”

“मी घातला तर?” लायल म्हणाला.

“पडाल.”

“पडेन. पण वळसा घालून पडेन.”

आपल्याकडे सिनेमात माणसं झाडाभोवती फिरतात ती गाणी म्हणायला. लायल फिरला तो शनिवारी सकाळी, उंच हिकरीच्या झाडाभोवती, पिवळ्या पानांचा खच तुडवत, दोनदा घसरून. चिगर बुंध्यावर पाय रोवून भुंकत होती. डेल्फाने हात वर करून पुकारा केला होता, “झाडावर!”

पंच वर बघून बघून थकले. “काही दिसत नाही, डेल्फा. पुकारा मागे घे. झाड रिकामं निघालं तर आधीचे गुणही जातील.”

“नाही घेत,” ती म्हणाली. “चिगर रिकाम्या झाडावर भुंकत नाही.”

पलीकडून लायलने रानद्राक्षाचा वेल हिसडला आणि धप्पकन आवाज आला. तो पडला होता. पण त्याच क्षणी राखाडी खार सर्रकन खोडाच्या या बाजूला आली... डेल्फाच्या अगदी समोर! सगळ्यांनी पाहिली. पहिला नंबर चिगरचा.

दुपारी मैदानाच्या कडेला लायल सामान भरत होता. डेल्फा त्याच्याकडे गेली. तो बोलेल, आता तरी बोलेल... ती गाडीच्या उजवीकडे आली, तर त्याला मागच्या पेटीची आठवण झाली. ती मागे गेली, तर तो डाव्या दाराशी. “टायर बघतो जरा,” म्हणाला. ती डावीकडे वळली, तर टायर पुढचा निघाला.

डेल्फा थांबली. अरे! ही चाल तर तिच्या ओळखीची होती. हा काही बोलायचा नाही. आणि आज मी गप्प बसले, तर पाच मिनिटांत हा डोंगराच्या पलीकडे, आणि मी आणखी सहा वर्षं शहाण्यासारखी वागत बसणार.

“डॅडी,” तिने हाक मारली, “जरा गाडीच्या त्या बाजूला येता का?”

हॉबर्टना दोनदा सांगावं लागलं नाही. काठी टेकत ते उठले आणि धाप लागेपर्यंत सावकाश चालत पुढच्या टायरपाशी येऊन उभे राहिले. लायल त्यांना पाहून गडबडला, गर्रकन मागे वळला... आणि डेल्फाच्या अगदी समोर आला.

चिगर त्याच्याकडे बघून भुंकू लागली.

“ही... ही अजून का भुंकते माझ्यावर?”

“पहिल्या दिवसापासून भुंकतेय,” डेल्फा म्हणाली. “मलाच कळायला तीन आठवडे लागले. लायल, मला तू आवडतोस. थांब म्हणत नाही, तुझं काम आहे. पण परत ये. आणि हे मी आधी म्हणतेय, बरं का. लिहून ठेव हवं तर.”

निम्मं मैदान ऐकत होतं. तिला वाटलं, खुशाल ऐकू दे.

लायलचे कान असे काही लाल झाले... पण या वेळी तो जागचा हलला नाही.

“तो शब्द मी या गावात सतरा जणांना विचारला,” तो हळूच म्हणाला. “सतराही जणांनी तुझंच नाव सांगितलं. आणि दर वेळी मला वाटायचं... ही पोरगी एकदा आपल्याशी आपणहून बोलली, तर काय मजा येईल! माझं धाडसच होईना. तुला विचारायचं.”

“मग? येतोस?”

“नाताळच्या आधी. चिठ्ठ्या विद्यापीठात जमा केल्या की त्याच दिवशी निघतो.” त्याने तिचा हात धरला. सगळ्यांदेखत, घट्ट.

गाडीच्या पलीकडून हॉबर्टचा धापा टाकणारा आवाज आला. “डेल्फे... दिसली का गं खार?”

“दिसली, डॅडी,” डेल्फा म्हणाली. “आता बसलात तरी चालेल.”