दहा मिनिटांपूर्वीची भिंत

"पहारेकरीकाकाच! दुसरं कोण असणार?" डबा बंद करत भिंगरी कुजबुजली. "बघ ना, जेवतानाही किल्ल्या कमरेला!"

"पुरावा?" तिच्या मावसभावाने, ढापण्याने, चष्मा वर ढकलला.

"इथे तुझ्या आईच्या कामावर गदा आलीय, आणि तू पुरावे मागत बस!"

भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी संग्रहालयात कागदावरची जुनी चित्रं सांभाळायची. त्या शाईला ऊन म्हणजे विष! म्हणून दालनातल्या खिडकीचा पडदा कायम खाली. तरी या आठवड्यात तीनदा, दुपारच्या सुट्टीनंतर, तो वर सापडला होता. नदीच्या चित्रातली निळी शाई कोपऱ्यात विटायला लागली होती. "पुन्हा असं झालं तर दालन दुसऱ्याकडे देईन," संचालकांनी मावशीला बजावलं होतं. किल्ल्या तिघांकडेच होत्या: मावशी, पहारेकरीकाका आणि खुद्द संचालक.

दोन वाजता सगळे जेवून परतले. मावशीने कुलूप उघडलं आणि कपाळावर हात मारला. पडदा वर! ऊन थेट नदीवर! भिंगरीने धावत जाऊन दोरी ओढली.

"चौथ्यांदा!" मागून येऊन संचालक गरजले. "बाई, आता हद्द झाली!"

भिंगरीने पहारेकरीकाकांकडे डोळे वटारून पाहिलं.

समोरच्या भिंतीवर एक व्हिडिओ-कलाकृती दिवसभर चालू असे. छताला लावलेला कॅमेरा दालन टिपायचा आणि ते भिंतीवर बरोबर दहा मिनिटांनी दिसायचं. मुलं रोज तिथे वेडीवाकडी तोंडं करायची आणि दहा मिनिटांनी स्वतःलाच हसायची.

ढापण्याने भिंगरीला कोपर मारलं. "भिंत बघ! पडदा खाली आहे!"

"म्हणजे... दहा मिनिटांपूर्वी तो खालीच होता!"

"आणि तेव्हापासून आई आपल्याबरोबरच आहे. काकाही!"

भिंगरीचे डोळे विस्फारले. मग उरलं कोण? बाप रे!

संचालक तर निघालेसुद्धा! भिंगरीने लिंबूला चिमटा काढला. लिंबू कसला वस्ताद! "साहेब, ही नदी इतकी निळी का हो?"

संचालकांना भाषण द्यायला निमित्तच हवं असायचं. "हं, त्याचं असं आहे, बाळ..." गाडी सुरू झाली. भिंगरीची नजर भिंतीवरून हलेना.

तेवढ्यात भिंतीवर दार उघडलं. कानाला फोन लावून संचालक आत आले. त्यांनी पडदा सर्रकन वर केला, खिडकीबाहेर वाकून हातवारे करत बोलले आणि तसेच निघून गेले.

"अरेच्चा! साहेब, तुम्ही भिंतीत!" लिंबू ओरडला.

संचालकांचा चेहरा खर्रकन उतरला. "ऑफिसात रेंजच मिळत नाही हो, म्हणून इथे येतो... फोनच्या नादात पडदा वर केल्याचं ध्यानातच राहत नाही! आणि या भिंतीसमोर मी दहा मिनिटं कधी थांबलोच नाही." त्यांनी आपली किल्ली मावशीच्या हातावर ठेवली. "बाई, चुकलो. दालन तुमचंच. पोरांनो, शाबास! आमचे डोळे उघडलेत!"

"काका, मी उगाच तुमच्यावर..." भिंगरी पुटपुटली.

"कळत होतं गं! घास सोडून माझ्या किल्ल्याच बघत होतीस!" पहारेकरीकाका हसले.

सगळे निघाले, पण मावशी भिंतीसमोरच्या बाकावर ठाण मांडून बसली.

"आई, चल ना!"

"थांबा रे दहा मिनिटं," डोळे पुसत ती म्हणाली. "साहेब चूक कबूल करताना मला पुन्हा एकदा बघायचेत!"