डॉन मोचोची लाल रिबीन

"आधी कॅन्यन! त्या दरीतल्या डोहात अजून पाणी आहे," चेला म्हणाली.

"आहे ना! एक बेडूक बसेल एवढं!" नुफो म्हणाला. "मी म्हणतो, वटवाघळांच्या पुलाखाली जाऊ."

"शहाण्या, वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडतात. आत्ता तर सूर्यसुद्धा उगवायचाय."

"मग थांबू की संध्याकाळपर्यंत!"

मेमोचं म्हणणं फारच सोपं होतं. "ज्या वाटेवर डोनटचं दुकान आहे, त्या वाटेने कुठेही जाऊ."

तिघं फुटपाथवर पाय सोडून बसली होती. चेला तेरा वर्षांची, म्हणजे सर्वांत मोठी, म्हणजे पुढारी. मेमो तिचा धाकटा भाऊ. शेजारच्या नुफोचं खरं नाव आर्नुल्फो. पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारायला सुट्टीतही कुणाला सवड नव्हती. वाळवंटातल्या टूसॉन शहरात उन्हाळ्याच्या सुट्टीत जे काही भटकायचं ते ऊन चढायच्या आत. नंतर घराबाहेर फक्त पाली हिंडतात, आणि त्यासुद्धा एका वेळी दोनच पाय टेकवतात.

पण आज त्यांना न्यायला येणारा तीओ लेंचोचा ट्रक काही येईना. तीओ म्हणजे चेला-मेमोचा मामा. उंचच उंच सावारो निवडुंग मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायचा त्याचा धंदा. दिला शब्द मोडणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"ट्रक बंद पडला असेल," नुफो म्हणाला.

"तीओ आधी बंद पडेल, ट्रक नाही!" मेमो म्हणाला. "आणि तो बघा ना, बागेच्या फाटकाशी उभा आहे!"

खरंच की! गल्लीच्या टोकाच्या बागेसमोर तो निळा ट्रक उभा होता. आणि आत डॉन मोचोसमोर, पालथ्या बादलीवर, हॅट मांडीवर ठेवून तीओ लेंचो बसला होता.

डॉन मोचो म्हणजे बागेतला सावारो. ताठ, जाडजूड, आणि त्याला एकच तोकडा हात. मोचो म्हणजे थोटा, आणि डॉन म्हणजे मानाने लावायचं 'राव'. आडनाव नसलं तरी गल्लीत त्याला आमदारापेक्षा जास्त मान होता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो बागेच्या मागल्या कोपऱ्यात उभा होता. मग बाग समितीच्या अध्यक्षा मिसेस ड्यूहर्स्ट यांना वाटलं, एवढा देखणा निवडुंग कोपऱ्यात काय करतोय? त्याला फाटकाशी आणा! तीओ लेंचोने आणला.

आणि आता डॉन मोचोची एक बाजू पिवळी पडली होती. नुसती पिवळी नाही, मधेमधे तपकिरी आणि खरबरीत.

"शनिवारी याला तोडणार," तीओ म्हणाला. "समितीने ठरवलंय. म्हणे, पडला तर कुणाच्या तरी डोक्यात पडेल. आणि म्हणे, लेंचोला काम येत नाही."

"तुला काम येत नाही?" चेला ओरडली. "तुला?"

"बघ ना, पोरी. समोर पुरावाच उभा आहे."

कॅन्यन, पूल आणि डोनट तिथल्या तिथे रद्द झाले. (डोनटसाठी मेमोने क्षणभर मौन पाळलं.)

तेवढ्यात बागेत माणसं येऊ लागली. आजारी माणसाला बघायला जावं तशी रोज येत होती. मोठ्या माणसांकडे सल्ल्याची शिल्लक भरपूर असते. खर्च करायला फक्त दुसऱ्याचं झाड लागतं. टपालवाले म्हणाले, पाणी कमी पडतंय, आणि नळी सोडून गेले. बेकरीवाले म्हणाले, पाणी जास्त होतंय, आणि नळी बंद करून गेले. एका आजोबांनी त्याला स्वतःची छत्री बांधली होती. बर्फाच्या गोळ्यांची गाडी लावणाऱ्या डोन्या तेंचा यांनी तर काल अंड्याने त्याची दृष्ट काढली होती. अंडं फोडून पाहिलं, आणि सांगितलं, "कुणीतरी याच्यावर वाईट नजर टाकलीय!"

"मग त्या अंड्याचं काय केलंत?" मेमोने विचारलं.

"ते फेकायचं असतं, बाळा."

"अरेरे!"

"गप रे!" चेला म्हणाली. ती डॉन मोचोभोवती फिरत होती. "तीओ, ही पिवळी बाजू दक्षिणेची आहे. सगळं ऊन हिच्यावरच येतं."

"तेच तर मला कळत नाही!" तीओ उठून उभा राहिला. "सावारोची दक्षिणेची बाजू जन्मापासून उन्हाने शेकलेली असते, राकट असते. उत्तरेची नाजूक. म्हणून हलवताना जी बाजू दक्षिणेला होती, ती दक्षिणेलाच ठेवायची. नाहीतर नाजूक बाजू भाजून निघते. माझ्या बापाने मला चालायच्या आधी हे शिकवलं! मी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने याच्या दक्षिणेच्या बाजूला लाल रिबीन बांधली, आणि क्रेन आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे उचलला, आणि इथं रिबीन दक्षिणेला ठेवूनच लावला. होकायंत्र धरून!"

"होकायंत्र बिघडलं असेल," नुफो म्हणाला.

तीओने नुसतं बोट दाखवलं. पलीकडे पिंपासारखा एक गोलमटोल निवडुंग उभा होता, तिरका. त्या जातीचे निवडुंग वाढता वाढता दक्षिणेकडेच कलतात. टूसॉनच्या पोरांना वेगळं होकायंत्र लागत नाही. पिंप झुकलं होतं त्याच बाजूला डॉन मोचो भाजला होता. दिशा बरोबर होती.

"ती रिबीन कुठे आहे?" चेलाने विचारलं.

"ट्रकमध्ये. गिअरच्या दांड्याला अडकवलीय."

मेमो धावत जाऊन ती घेऊन आला. गाठ सुटली होती, पण कापडावरच्या चुण्या तशाच होत्या: इकडे एक मोठा फासा, तिकडे एक मोठा फासा. मेमोने चुण्यांवरून ती पुन्हा दुमडली, आणि त्याच्या हातात छान टपोरं फूल तयार झालं.

"तीओ, तू असं फूल बांधतोस?"

"मी?" तीओने पाय पुढे केले. दोन्ही पायांत टोकदार, गुडघ्याजवळ पोचलेले बूट. "पोरा, मी आयुष्यभर बिननाडीचे बूट का घालतो? फुलाची गाठ मला येत नाही म्हणून! मी दुहेरी गाठ मारतो, बैल बांधल्यासारखी."

"मग पहाटे तू हे फूल पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की. वाटलं, मदतनीस पोराने हौस केली असेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुणीतरी रिबीन सोडली," चेला हळू म्हणाली, "आणि परत बांधली. दुसऱ्या बाजूला!"

"पण ते सिद्ध कसं करणार? डॉन मोचो काय बोलणार आहे?" नुफो म्हणाला.

"बोलेल! डोन्या तेंचा, तुमच्या लुपेच्या पंधराव्या वाढदिवसाचे फोटो कुठे काढले होते?"

हा काय प्रश्न झाला? या गल्लीतल्या प्रत्येक मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाला लाजवील असा थाट. आणि घेरदार झगा घालून फोटो काढायचा तो डॉन मोचोसमोरच. डोन्या तेंचांच्या फोनमध्ये तर लुपेचे इतके फोटो होते, की लुपे स्वतःही ते बघून कंटाळली होती.

"हे बघा! मागे उत्तरेचे डोंगर. आणि मोचोचा हात लुपेच्या डावीकडे," चेला म्हणाली.

"फोटोत डावीकडे, का लुपेच्या डावीकडे?" नुफोने डोकं खाजवलं.

"मेमो, तू लुपे हो!"

"मी नाही!"

"नंतर डोनट."

मेमोने ताबडतोब डोन्या तेंचांच्या गाडीवरचं प्लास्टिकचं टेबलपोस कमरेला गुंडाळलं आणि मोचोसमोर लाजून उभा राहिला. नुफोने मागे डोंगर येतील असा फोन धरला. लुपेच्या फोटोत डॉन मोचोचा हात चित्राच्या डाव्या कडेला होता. मेमोच्या फोटोत तो उजव्या कडेला!

"उलटा लावलाय!" तिघं एकदम ओरडली. टेबलपोस सुटलं, ते कुणी पाहिलंही नाही.

तीओ लेंचोने हॅट काढली, घातली, परत काढली. "म्हणजे माझी नाजूक बाजू... म्हणजे याची... दोन महिने उन्हात! कोण तो गाढव?"

आता फूल बांधणारा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मिसेस ड्यूहर्स्ट ओहायोहून टूसॉनला राहायला आल्या, तेव्हा बर्फाळ देशातले सगळे शिष्टाचार आणि रिबिनींची पेटी बरोबर घेऊन आल्या. त्यांच्या टपालपेटीला फूल. पाण्याच्या बाटलीला फूल. बिस्किट नावाच्या कुत्र्याला फूल, तेही दोन्ही कानांवर. बागेतल्या कचऱ्याच्या डब्यांनाही त्यांनी फुलं बांधली होती, त्यामुळे लोक त्यांत कचरा टाकायला संकोचायचे.

"पण थेट विचारलं तर 'नाही' म्हणतील," नुफो म्हणाला.

"म्हणून विचारायचंच नाही," चेला म्हणाली. "रिबीन दिसली की त्यांचे हात गप्प बसत नाहीत. हातांनाच विचारू!"

शनिवारी सकाळी समिती जमली. करवतवाला माणूसही आला होता. करवत मांडीवर घेऊन कॉफी पीत होता. तीओ लेंचो लांब, कुंपणाला टेकून उभा. बोलायचं नाही, अशी चेलाने त्याला शपथ घातली होती, आणि त्यामुळे त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"फार वाईट वाटतं हो," मिसेस ड्यूहर्स्ट म्हणाल्या. "पण सुरक्षितता आधी! कामच नीट झालं नाही, त्याला आपण काय करणार?"

"मॅडम, तोडायच्या आधी समितीचा एक फोटो?" नुफो नम्रपणे म्हणाला. एवढा नम्र नुफो त्याच्या आईनेही पाहिला नव्हता. "तिकडे नको, मोचो बरा दिसत नाही. या पिंपाजवळ उभे राहा."

त्या तिरक्या पिंपाच्या मागच्या बाजूला मेमोने आधीच लाल रिबीन बांधून ठेवली होती. दुहेरी गाठ, बैलाची.

मिसेस ड्यूहर्स्ट हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या. मान वळली. नजर मागे गेली. हसू जरा गळालं.

"एक... दोन..." नुफो मोजू लागला, सावकाश.

"थांब, थांब! हे काय ध्यान बांधलंय? आणि मागे? मागे कोण बघणार?" त्यांची बोटं काट्यांमधून अशी सफाईने फिरली, की खारसुद्धा बघत राहिली असती. गाठ सोडली, रिबीन पुढच्या बाजूला आणली, दोन मोठे फासे, एक झटका. टपोरं फूल! "हं. आता काढ."

नुफोने फोटो काढला. फोटोत मिसेस ड्यूहर्स्ट होत्या आणि त्यांच्या हातात फुलाचं टोक.

"किती सुंदर!" चेला म्हणाली. "डॉन मोचो कोपऱ्यातून निघाला तेव्हाच्या निरोपाच्या फोटोतही असंच छान फूल होतं ना?"

"अर्थात! ती रिबीनही कुणी वेड्यासारखी मागे बांधली होती. फोटोत मागे नवं फाटक यायला हवं होतं, म्हणजे आम्ही उत्तरेच्या बाजूला उभ्या. मग मीच ती सोडून पुढे..."

त्या थांबल्या. कॉफीचा घोट घेता घेता करवतवालाही थांबला.

चेलाने लुपेचा फोटो पुढे केला. शेजारी टेबलपोस नेसलेल्या मेमोचा. मिसेस ड्यूहर्स्टनी एक पाहिला, दुसरा पाहिला, मग कलत्या पिंपाकडे पाहिलं, मग डॉन मोचोच्या भाजलेल्या अंगाकडे.

"ती रिबीन शोभेची नव्हती?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"नाही मॅडम," तीओ लेंचोची शपथ अखेर मोडली. "दक्षिण होती ती!"

आता मिसेस ड्यूहर्स्टच्या खात्यावर ही एक गोष्ट जमा करायलाच हवी: त्यांनी सबब सांगितली नाही. चेहरा रिबिनीएवढा लाल झाला, पण सरळ कुंपणापर्यंत चालत गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मिस्टर लेंचो, चूक माझी. मी तुमच्या कामाला नावं ठेवली. मला माफ करा. हा वाचेल का?"

"वळवला तर वाचेल. डाग राहील, पण जगेल. आणि कृपा करून ते पाणी बंद करा!"

टपालवाल्यांनी आकाशाकडे पाहिलं. आजोबांनी गुपचूप आपली छत्री सोडवून घेतली. करवतवाला म्हणाला, "मग मी डोनट आणायला जाऊ का?" आणि मेमोला जगात समजूतदार माणसं अजून आहेत हे पटलं.

दोन दिवसांनी पहाटे क्रेन आली. तीओ लेंचोने रिबीन बांधली. मिसेस ड्यूहर्स्ट बिस्किटला घट्ट धरून उभ्या होत्या, म्हणजे दोन्ही हात कामात राहतील. तरी एकदा पाऊल पुढे पडलंच.

"मॅ-डम!" सगळी गल्ली ओरडली.

डॉन मोचो पट्ट्यांत लोंबकळत हवेत गेला, सावकाश अर्धा फेरा फिरला आणि खाली आला. उन्हाने भाजलेली बाजू आता उत्तरेला, डोंगरांकडे. राकट पाठ दक्षिणेला. तोकडा हात लुपेच्या फोटोतल्यासारखा.

"सगळी मोठी माणसं औषध शोधत होती," तीओ लेंचो चेलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आजार काय ते फक्त तुम्ही विचारलंत. पुढच्या सावारोला रिबीन तुम्ही बांधायची. तिघांनी!"

"आणि गोळे माझ्याकडून!" डोन्या तेंचा म्हणाल्या. "चिंचेचे, वर तिखट घालून. मी म्हटलं नव्हतं, कुणाची तरी नजर लागलीय? अंडं खोटं बोलत नाही!"

तीओने मोचोवरची रिबीन सोडली, जरा विचार केला, आणि मिसेस ड्यूहर्स्टच्या हातात दिली. "घ्या मॅडम. आता ती नुसती रिबीन आहे. हवी तिथे बांधा."

त्यांचे डोळे चमकले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. डॉन मोचोकडे मात्र पाहिलं नाही.

म्हणूनच त्या दिवशी कॅन्यनमधल्या सगळ्या सहलकऱ्यांनी एक मुलगा पाहिला. एका हातात गोळा, दुसऱ्यात डोनट, आणि हॅटवर भलंमोठं लाल फूल.

"ते मागच्या बाजूला तरी फिरव!" नुफो कुजबुजला.

"अजिबात नाही," मेमो तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "ही माझी दक्षिण आहे!"