ब्यूगलचा श्वास

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. ज्याच्यावर ती बेतली तो सायलस माझ्या आजीचा सख्खा भाऊ. घरच्या माणसाबद्दल असलं खोटं सांगून मला काय मिळणार?

आणि एक आधीच सांगते. ती रात्री घडली नाही. भर दुपारी घडली.

१९११ सालचा ऑगस्ट. आमचं बार्बाडोस बेट. गॅरिसन भागातलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. ऊन रणरणत होतं आणि अख्खं बेट कठड्याला चिकटून उभं होतं.

सायलस मोतद्दार होता, एका गोऱ्या ऊसमळेवाल्याच्या तबेल्यात. त्याच्या हाताखाली एकच घोडा होता, ब्यूगल. काळाभोर, भरदार छातीचा, अनोळखी माणसाला चावणारा. पहाटे त्याला समुद्रात पोहवायचं, मग खरारा, मग चंदी. सायलसची बायको ड्रुसिला म्हणायची, "माझ्याशी तू चुकून लग्न केलंस. तुझं खरं लगीन त्या घोड्याशी लागलंय."

सायलस नुसता हसायचा. तेव्हा त्या घरात हसणं होतं.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, मर्टलला, डांग्या खोकला झाला.

उबळ आली की थांबायची नाही. पोरीचे ओठ निळे पडायचे, डोळे बाहेर यायचे. उबळ संपली की क्षणभर काहीच नाही. अगदी काहीच नाही…

आणि मग ती श्वास आत ओढायची. लांबलचक. नव्यानं आरवायला शिकणाऱ्या कोंबड्यासारखा आवाज यायचा. तो ऐकला की ड्रुसिला म्हणायची, "आला बाई एकदाचा."

मध, लिंबू, कोरफड झालं. छातीला चरबी चोळून झाली. झुरळाचा काढासुद्धा झाला. दुकानातून एक बाटली आणली, तिच्यावर टकलापासून खोकल्यापर्यंत सगळं बरं होईल असं छापलं होतं. बरं काहीच झालं नाही.

शेवटी सायलसची केटुरा आत्या आली. झाडपाल्याचं तिला कळायचं, आणि तिच्या तोंडाला सगळे भ्यायचे.

"जनावराचा श्वास द्या," ती म्हणाली. "एखादं गाढव बघ. पोरीचं तोंड त्याच्या नाकाशी धर. त्याचा श्वास हिच्यात जाईल, हिचा खोकला त्याच्याकडे राहील. माझ्या आईनं मला असंच वाचवलं."

"गाढव?" सायलस पेटलाच. "माझ्या पोरीला गाढवाचा श्वास? बेटावरची सगळ्यात दमदार छाती माझ्या हाताखाली आहे, आत्या!"

"मेल्या, डोकं आहे का खोकं? गाढव जन्मभर ओझं ओढतं. तुझ्या घोड्याचा दम शर्यतीच्या शेवटच्या खांबापर्यंतचा. ज्याचा श्वास घ्यावा, त्याची वाट चालावी लागते."

"शर्यतीतलं तुला काय कळतंय?"

आत्या उठून चालती झाली. ती भांडली नाही हेच वाईट झालं.

कोळी असता, ऊसतोड्या असता, तर मुकाट्यानं शेजारचं गाढव धरून आणलं असतं. पण तबेल्यातल्या माणसाला घोड्याखाली काही दिसतच नाही. ही चूक त्यालाच सुचायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे ब्यूगल समुद्रातून नुकताच बाहेर आला होता. अंगावरून पाणी निथळत होतं. सायलसनं मर्टलला उचलून त्याच्या तोंडाशी धरलं.

ब्यूगल चावला नाही. त्यानं मान खाली घातली. त्याच्या ऊन श्वासानं पोरीचे केस उडले. तिला उबळ आली, ती त्याच्या नाकपुड्यांतच खोकली. घोडा जागचा हलला नाही. फक्त त्याचे कान ताठ झाले… जणू कुणी काहीतरी सांगत होतं आणि तो ऐकत होता.

"घेतला," मर्टल म्हणाली.

"शाब्बास! घेतलास ना श्वास?"

"मी नाही, बाबा. त्यानं घेतला."

त्या दिवसापासून खोकला बंद. एकदम बंद. पोर तुकतुकीत दिसायला लागली, ताट चाटूनपुसून जेवायला लागली. ड्रुसिलानं मक्याचं पीठ घोटून केलेला कुकू आणि उडत्या माशाचं कालवण केलं, आळीत वाटलं. सायलस आत्याच्या घरावरून मुद्दाम शीळ घालत गेला.

मग एके सकाळी ड्रुसिला हळूच म्हणाली, "तू घोडा दौडवायला नेतोस ना… तेव्हा ही झोपेत धापा टाकते."

"स्वप्न पडत असेल."

"रोज? आणि रविवारी घोड्याला सुट्टी असते, तेव्हा नाही."

सायलस ताडकन उठला. मैदान घरापासून लांब. टापांचा आवाज घरापर्यंत येत नाही.

तो धावत आत्याकडे गेला. तिनं त्याला घालूनपाडून बोलावं असं त्याला फार वाटत होतं. पण तिनं एवढंच विचारलं, "मोठी शर्यत कधी आहे?"

"शनिवारी."

"त्याला धावू देऊ नकोस रे, बाळा."

आत्यानं त्याला आजवर कधी बाळा म्हटलं नव्हतं.

त्यानं मालकाला सांगून बघितलं की घोड्याचं लक्षण ठीक नाही. मालकानं ब्यूगलच्या पाठीवर थाप मारली आणि तो हसला. "घोडा झकास आहे, सायलस. ऊन तुलाच लागलंय."

मग सायलसनं आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. ब्यूगलच्या नालेत खडा बसवला. पुढच्या उजव्या पायात. घोडा लंगडायला लागला. आता काही याला शनिवारी बाहेर काढत नाहीत, म्हणून तो हलक्या मनानं घरी आला.

मर्टल पायरी उतरत होती. उजवा हात भिंतीला टेकवून… लंगडत.

"बाबा, हातात खडा रुततोय."

त्यानं तिचा तळहात उलटून पाहिला. कोवळा, स्वच्छ. त्यात काहीच नव्हतं.

तो तसाच उलट्या पावली तबेल्यात पळाला आणि त्यानं खडा काढला. आता घोड्याला लंगडा करता येत नव्हता, आजारी पाडता येत नव्हता, पळवून न्यायला बेटावर जागा नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींच्या मध्ये त्याची पोर.

शनिवारी दुपारी ड्रुसिलानं दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मर्टलला मांडीवर घेतलं. सायलस बादली घेऊन कठड्याशी उभा राहिला.

घंटा झाली.

ब्यूगल सुटला. त्या सगळ्या गर्दीत एकटाच मोतद्दार स्वतःच्या घोड्याला विनवत होता, "मागे राहा रे. दम लागू दे. मागे राहा."

ब्यूगलला दम लागलाच नाही. तो जिंकला. टोप्या हवेत उडाल्या. लोकांनी सायलसला मिठ्या मारल्या, त्याच्या तोंडात रम ओतली.

घोडा त्याच्यापाशी आणला गेला. अंगावर घामाचा थेंब नाही. छाती शांत. फार शांत…

ब्यूगलनं मान खाली घातली आणि तो खोकला.

पुन्हा खोकला. पुन्हा. मग क्षणभर काहीच नाही.

आणि मग… लांबलचक… नव्यानं आरवणाऱ्या कोंबड्यासारखा आवाज.

"अरे, घोडा आरवतोय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खदखदून हसले.

सायलसनं बादली टाकली आणि तो घराकडे पळत सुटला.

ड्रुसिला मधोमध जमिनीवर बसली होती. मर्टल तिच्या मांडीवर होती. केस घामानं चिंब भिजलेले, गाल अजून ऊन.

"मांडीवरच पळत होती रे," ड्रुसिला म्हणाली. "पाय जमिनीला न लावता. मी घट्ट धरलं होतं. खरंच धरलं होतं. मैदानातला मोठा ओरडा इथवर ऐकू आला… आणि ही थांबली."

मातीहून आल्यावर सायलस पुन्हा कामावर गेला. लोकांनी नावं ठेवली. काळीज आहे का दगड, म्हणाले. त्यांना काय ठाऊक? त्या तबेल्यात रोज संध्याकाळी त्याची लेक खोकत होती.

मालक म्हणाला, "सगळ्या घोड्यांना लागण होईल. बरा कर, नाही तर मी गोळी घालतो."

एकदा ड्रुसिलाही आली. घोड्याच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली. उबळ आली, संपली, तो श्वास ओढल्याचा आवाज झाला, आणि ती सवयीनं म्हणाली, "आला बाई एकदाचा." मग ढसाढसा रडली.

"याला बरं करू नकोस," ती म्हणाली.

"नाही केलं तर मारून टाकतील, ड्रुसी."

ती घोड्याच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिली.

त्यानं मध, लिंबू, कोरफड घोटलं. छातीला चरबी चोळली. घोड्याला बाळा बाळा म्हणत पाजलं. पोरीला ज्याचा काडीचा गुण आला नव्हता, तेच औषध घोड्याला लागू पडलं. खोकला रोज थोडा कमी झाला. सायलस आपल्या हातानं लेकीला रोज थोडी थोडी पुसत होता आणि त्याला ते कळत होतं.

एका पहाटे समुद्रात ब्यूगल खोकलाच नाही. सायलसनं त्याच्या नाकपुडीला कान लावला. बराच वेळ लावला. आत फक्त घोडा होता.

मालकानं शाबासकी दिली. सायलस घरी आला.

ड्रुसिला दारात उभी होती. हातात औषधाचा चमचा.

"हळू ये," ती कुजबुजली.

मर्टलच्या खाटेवरची चादर सपाट होती, ड्रुसिलानंच पसरून ठेवलेली. आणि त्या चादरीतून… खोकला येत होता.

उबळ आली. वाढली. संपली.

मग काहीच नाही.

दोघं श्वास रोखून उभी राहिली. आता ओढेल. आत्ता ओढेल…

श्वास ओढल्याचा आवाज आला नाही. पुन्हा उबळच आली.

त्या एका श्वासाची वाट बघत दोघं म्हातारी झाली.

ते घर अजून आहे. लहानपणी एका उन्हाळ्यात मला तिथे झोपवलं होतं, त्याच खाटेवर. मी काय ऐकलं ते आईलाही सांगितलं नाही. पण आजही जवळ कुणी खोकलं की मी हातातलं काम सोडते आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसते, तो पुन्हा श्वास घेईपर्यंत.