नमुन्याचा चेहरा

तळघरातल्या त्या खोलीच्या दारामागे एक खिळा होता आणि खिळ्यावर ताईंचा चेहरा टांगलेला असायचा.

तो लोकांची भीती घालवण्यासाठी होता. सरकारी इस्पितळाच्या किरणोपचार विभागात गळ्याच्या, तोंडाच्या कॅन्सरच्या माणसांसाठी जाळी बनवतात. बारीक भोकांची पांढरी प्लास्टिकची शीट गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडली की भिजल्या रुमालासारखी लिबलिबीत होते. ती झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ओढून बसवायची, कडा टेबलाला अडकवायच्या आणि थंड होईस्तोवर त्याच्याशी दोन गोष्टी बोलायच्या. मग रोज तीच जाळी लावायची, म्हणजे माणूस केसभरही हलत नाही आणि किरणं पडायची तिथेच पडतात. पण "तोंडावर जाळी बसवणार" म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून नवं मशीन आलं तेव्हा ताईंनी हौसेनं स्वतःच्याच चेहऱ्याची जाळी करवून घेतली होती. त्या विभागातल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. रुग्ण कचरला की खिळ्यावरून ती काढून त्याच्या हातात द्यायच्या.

"हे माझं नाक. जरा लांबच आहे, पण गुदमरलं नाही. तुमचं काय बिघडणार?"

माणूस हसायचा. निम्मं काम तिथंच व्हायचं.

मास्तर आला तो मात्र हसतच आला. धंद्यानं शिंपी, म्हणून मास्तर. गाठ गळ्यात, स्वरयंत्राला खेटून. किरणांनंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याची जखम भरून येत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्याचे उरलेसुरले सगळे दात आधीच उपटले होते.

"आता कुणावर दात ठेवायचा म्हटलं तरी सोय नाही," तो बोळक्यानं म्हणाला. त्याची बायको पदरात हसली, आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला.

अडचण निघाली ती शीटची. साठा संपला होता, नवा कधी येणार ते वरचे लोक जाणोत. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "ताई, त्या गाठीला थांबायला वेळ नाही. आज जाळी झालीच पाहिजे. नाहीतर मागाहून सगळा गळा काढायची पाळी येईल, आवाजासकट."

एकाची शीट दुसऱ्याला वापरायची नाही, असा नियम आहे. पण टंचाईत सगळेच वापरतात. गरम पाण्यात घातली की शीट पुन्हा सपाट होते, जुना चेहरा पुसला जातो. ताईंनी इकडेतिकडे बघितलं आणि खिळ्यावरची जाळी ट्रेमध्ये सोडली. कपाळ विरघळलं, गाल गेले, हनुवटी गेली. नाक मात्र बराच वेळ पाण्याच्या वर राहिलं. ताईंनी ते चमच्यानं दाबलं.

मास्तरच्या चेहऱ्यावर ती झकास बसली. थंड झाल्यावर तो आतूनच पुटपुटला, "फिटिंग चांगलं आहे, ताई. फक्त नाकाशी जरा झोळ आहे."

किरणांचं एक असतं. पहिले दोन आठवडे माणसाला वाटतं, एवढंच? मग तोंड कोरडं पडतं, चव जाते, गिळताना गळ्यात विस्तव ठेवल्यासारखं होतं. मानेची कातडी भाजते. आहारतज्ज्ञबाई तेव्हापासून रुग्णाच्या हात धुऊन मागे लागतात. त्यांना सगळे तराजूबाई म्हणत. दिसेल त्याला वजनकाट्यावर उभं करायची त्यांना सवयच होती.

मास्तरला काहीच झालं नाही. तो भात चापत होता, बायकोशी जाळीखालूनही वाद घालत होता.

"दीड किलोनं वाढलाय!" तराजूबाई काटा दाखवत फिरल्या. "माझ्या अख्ख्या नोकरीत असा माणूस बघितला नाही."

"माझ्या हातचं खातोय ना," मास्तरची बायको फुलून म्हणाली.

त्याच सुमाराला ताईंच्या घरी सासूबाई त्यांच्यावर डाफरल्या. "अगं, भाजी आहे की मिठागर? नवऱ्यानं पाण्याचा तांब्या संपवला, बघ तरी!"

ताईंना भाजी अळणी लागत होती. त्यांनी वरून आणखी मीठ घेतलं, तरी अळणीच. चहा नुसता गरम लागायचा, बाकी काही नाही. जिभेला सदान्‌कदा कोरड. पाण्याची बाटली पर्समध्ये आली, मग हातातच राहू लागली. कानाखाली मानेवर लाल चट्टा उठला. सासूबाई म्हणाल्या उष्णता, सिस्टर म्हणाल्या गळ्यातल्या चेनची ॲलर्जी, ताई म्हणाल्या वय. चेन काढून ठेवली. चट्टा राहिला. त्याची एक कड अगदी सरळ होती, पट्टी लावून आखल्यासारखी.

असे चट्टे ताईंनी जन्मभर बघितले होते. पण स्वतःच्या मानेवर माणूस तसं बघत नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून मास्तरचा गळा तपासला आणि सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"गाठ जशीच्या तशी आहे. दोऱ्याइतकीही हललेली नाही."

"पण तब्येत तर..." तराजूबाई म्हणाल्या.

"तब्येत चांगली आहे हेच तर वाईट आहे! ना गुण, ना जाच. औषध पोचतंय की नाही, कुणी सांगेल का मला?"

विभागाच्या भौतिकतज्ज्ञाला सगळे मिलिमीटर म्हणत. तो माणसाची ख्यालीखुशालीही मोजूनमापून विचारायचा. त्याचा चेहरा पडला. "मशीन मी दोनदा तपासलं. पाण्याच्या टाकीत मोजलं. जेवढी मात्रा ठरलीय तेवढी बाहेर पडतेय."

"मग जातेय कुठे?"

ताईंना खोकला आला, तो त्यांनी रुमालात दाबला.

"आठवडाभर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फरक पडला नाही तर बंद. मग ऑपरेशन. आवाज तर जाईलच, पण माणूस राहील याचीही मी खात्री देत नाही."

बाहेर बाकावर मास्तरची बायको बसली होती. "काय म्हणाल्या हो डॉक्टर? छान चाललंय ना? ह्यांना तर काहीच त्रास नाही."

ताईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर टेबलावर निजला. ताईंनी जाळी लावली, जड दार ओढून बाहेर आल्या आणि पडद्यासमोर बसल्या. तिथे एरवी दोन तंत्रज्ञ बसत. जोडीदार जेवायला गेला होता. किरणं सोडण्याआधी रोज आतला फोटो घ्यायचा, तो पहिल्या फोटोवर ठेवायचा आणि मानेचे मणके जुळतात का ते बघायचं. त्यासाठी पडद्यावर एक छोटी चौकट असते. ती मणक्यांभोवती आवळायची आणि तेवढंच बघायचं. जबडा हलतो, मणके खरं बोलतात. नव्या मुलींना ताईच शिकवायच्या, "दात आपण बघत नाही."

मणके जुळले. ताई बटणाकडे वळल्या आणि खोकल्याची उबळ आली. हात माउसवर आपटला. चौकट सुटून मोठी झाली आणि सगळा फोटो उघडा पडला.

वर दात होते. खालीही दात होते. पांढरी, सलग रांग.

चुकीचा माणूस आत गेला, या एकाच गोष्टीला त्या विभागात सगळे घाबरतात. ताईंनी कॅमेऱ्यात बघितलं. आत मास्तरच होता, चादरीतून पायाचे अंगठे हलवत. पडद्यावर नाव त्याचंच होतं. मणकेही त्याचेच.

त्या पुन्हा दातांकडे वळल्या. खालच्या रांगेत, डावीकडे, शेवटून दुसरा दात इतरांपेक्षा जास्त चकाकत होता. धातूची टोपी बसवलेला.

ताईंची जीभ आपोआप डावीकडे गेली. शेवटून दुसऱ्या दाताकडे. टोपी गार लागली.

मिलिमीटर धावत आला. "जुना फोटो अडकला असणार." त्यानं नवा घेतला. दात. मशीन बंद करून चालू केलं. दात. मग त्यानं पहिल्या दिवसापासूनचे मास्तरचे फोटो एकेक करून उघडले. प्रत्येकात दात होते, चौकटीच्या बाहेर.

"रोज बघितलं मी हे," तो म्हणाला. "तुम्हीही बघितलंत."

"मणके बघितले."

तो आत गेला, जाळी काढली. "मास्तर, आ करा बरं."

मास्तरनं आ केला. गुलाबी हिरड्या, दुसरं काही नाही. "काय, पिकलेत का?" त्यानं विचारलं.

जाळीशिवाय फोटो घेतला. बोळकं.

जाळी लावून घेतला.

मिलिमीटरनं पडद्याकडे बघितलं. मग ताईंच्या मानेकडे. मग हातातल्या बाटलीकडे.

"ताई, ही शीट कुठून आणली होती?"

ताईंनी तोंड उघडलं.

"नको," तो घाईनं म्हणाला. "सांगू नका. मला ते कुठे मांडताच येणार नाही."

नव्या शीटचा खोका आदल्याच दिवशी आला होता. ताईंनी नवी जाळी केली. फोटोत बोळकं आलं. डॉक्टरीणबाईंना मिलिमीटरनं सांगितलं की आधीची जाळी सैल होती. त्यात खोटं असं काही नव्हतं. उपचार पुन्हा पहिल्यापासून मांडले गेले.

जुनी जाळी ताईंनी गरम पाण्यात सोडली, पार सपाट होईपर्यंत थांबल्या आणि फडक्यावर पसरून घरी गेल्या. सकाळी आल्या तेव्हा शीट फडक्यावरच होती. मधोमध नाक वर आलं होतं. लांब. भोवती हळूहळू गाल धरल्यासारखे, पण ते ताईंना आठवत होते त्यापेक्षा बसके.

ती टाकून द्यायला त्यांचा हात धजावला नाही. त्यांनी ती खिळ्यावर अडकवली. तिची जागा तीच होती.

मग एके दिवशी मास्तर आला तो गप्प. बायकोच बोलली, "सकाळपासून घास गिळत नाहीत. काटा रुतल्यासारखं होतंय म्हणतात."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारीला वाटलं, काळजीनं आलं. पुढच्या आठवड्यात मास्तरची मान भाजली, वजन उतरलं, आणि तराजूबाई उतरत्या काट्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. दुर्बिणीत गाठ निम्मी झाली होती. "आता लागू पडतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकही दिवस चुकता कामा नये. चुकला तर मुसळ केरात."

ताईंना चहाची चव येऊ लागली होती. चट्टा फिकट झाला होता. खोकला मात्र जाईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"रोज खाकरताय. दिव्याखाली अंधार नको. आ करा."

दुर्बीण बराच वेळ गळ्यात राहिली. बाहेर आली तेव्हा आपल्याच माणसाकडे रागावून बघावं तशा डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"कधीपासून होतं हे?"

"काय?"

"ताई, माझ्यापासून लपवता? गाठ होती इथे. चांगली विरत आलीय, आता एवढीशी राहिलीय." त्यांनी हातमोजे काढले. "कुठे घेतलीत किरणं? आणि अर्धवट का सोडलीत? इतकी माणसं तुमच्या हाताखालून गेली, तुम्हाला का मी सांगायला हवं, अर्धवट सोडली की ती दुप्पट जोरानं येते?"

ताई जिना उतरून खाली आल्या. भिंतीला धरून आल्या. बाकावर मास्तर पुढे वाकून बसला होता, थुंकी गिळायच्या आधी डोळे मिटून घेत होता. ताईंची चाहूल लागली तसा उठला. आवाज फाटका झाला होता.

"ताई, आज नाही सोसत हो. पहिली जाळी चांगली होती. लावली की काही व्हायचंच नाही." त्यानं हात जोडले. "आजच्या दिवस तीच लावा की."

"आजच्या दिवस," ताई म्हणाल्या.

"एक दिवसानं काय होतंय?"

जोडीदार जेवायला गेला होता. मास्तर टेबलावर निजला. मग कडा अडकवल्याचा आवाज झाला, एकामागून एक.

"हां," मास्तर आतून म्हणाला. "आता बरं वाटलं."

ताईंनी जड दार ओढलं आणि पडद्यासमोर येऊन बसल्या. पलीकडच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, त्याच्या मागचा खिळा रिकामा होता. फोटो आला. त्यांनी चौकट मणक्यांवर आणली आणि चांगली आवळून घेतली, नेहमीपेक्षाही लहान.

मणके जुळले. बाकी फोटो त्यांनी बघितला नाही.