४४१७ क्रमांकाची टाइल

छताची टाइल निवडायची असली की मल्लिनाथ बिराजदार आधी ती उलटी करत. पुढून सगळ्याच पांढऱ्या, खरी टाइल मागून कळते, असं ते म्हणत. तीस वर्षं त्यांनी सोलापुरातल्या बँका, दवाखाने, दुकानं यांची छतं बसवली होती. आज मात्र टेबलावर दोनच नमुने होते आणि त्यांनी एकालाही हात लावला नव्हता.

होटगी रस्त्यावर नऊ मजली कार्यालय उभं राहत होतं. अठराशे माणसं तिथं बसणार होती. आतल्या रचनेचं काम त्यांच्या मुलीकडे, शिवलीलाकडे होतं आणि छत ते स्वतः बसवणार होते. निवडीच्या कागदावर दोघांचीही सही लागणार होती.

"अप्पा, हात तरी लावा. चावत नाही ती," शिवलीला म्हणाली.

"हुंगते की."

टाइल विकायला पुण्याहून आलेले तळवलकर हसले. "सगळीकडचे कामगार तिला हुंगणीच म्हणतात. आम्ही आपले श्वासपाटी, श्वासपाटी करत बसतो."

माणसाचा श्वास गरम असतो, म्हणून वर जातो. टाइलच्या बारीक छिद्रांतला रासायनिक थर त्यातले वायू ओळखतो. फुप्फुस किंवा यकृत बिघडू लागलं की काही वायू वाढतात, माणसाला त्रास जाणवायच्या कितीतरी आधी. तीच खूण चाळीस दिवस मिळाली की खालच्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या फोनवर निरोप जातो, तपासून घ्या. निरोप फक्त त्यालाच जातो, साहेबाला नाही. त्यासाठी प्रत्येक टाइलचा क्रमांक एकेका खुर्चीच्या नावावर नोंदवलेला असतो.

"ही जुनी," तळवलकर म्हणाले, "आणि ही नवी. जुनी जरा भित्री. नवी पुरती खात्री झाल्याशिवाय बोलत नाही."

"म्हणजे उशिरा बोलते?" शिवलीलानं विचारलं.

"पाच-सहा महिने. पण ताई, उगाच कुणाला घाबरवत नाही. जुनीनं तुमच्या सोलापुरातच काय घोळ घातला होता! एक विमा कार्यालय, नोंदींची खोली. टाइल क्रमांक ४४१७. तिथल्या कारकुनाला सात महिने निरोप, फुप्फुस तपासा, फुप्फुस तपासा. तीनदा तपासणी झाली. माणूस ठणठणीत!"

"म्हेत्रेकाका," शिवलीला म्हणाली. "माझी आई त्याच ऑफिसात होती. म्हेत्रेकाकांच्या नावानं ती टाइल बोंबलत राहिली, आणि आईच्या डोक्यावरची शेवटपर्यंत गप्प. आई फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली." तिनं जुना नमुना हातानं लांब सरकवला. "नवीच लावू. सही करा, अप्पा."

तळवलकरांचा चेहरा उतरला. "माफ करा, मला कल्पना नव्हती. पण त्या तक्रारीचा आमच्याकडे फार विचार झाला. निरोप पाठवायची मर्यादा वाढवायचं ठरलं ते मुख्यतः तिच्यामुळंच. आता सगळीकडे नवीच जाते." मग सावरून घ्यायला म्हणून ते पुढं बोलले, "विचित्र म्हणजे ४४१७ एके दिवशी आपोआप गप्प झाली. अकरा डिसेंबरला, दुपारनंतर. ते म्हेत्रे त्यानंतरही वर्षभर तिथंच बसत होते. आम्ही पुण्यातून दोनदा स्क्रीनवर तपासली. पुढं ते ऑफिस हललं, सगळं छत उतरवलं, तेव्हा ती ढिगातून परत आली. तिच्यात कसलाच दोष सापडला नाही."

मल्लिनाथांनी उचललेलं पेन तसंच हातात राहिलं.

अकरा डिसेंबरला दुपारी त्यांच्या बायकोला, सुवर्णाला, खोकल्यातून रक्त पडलं होतं. तिला रिक्षातून आणायला तेच गेले होते. त्यानंतर ती त्या खुर्चीवर बसलीच नाही.

त्याच्या आदल्या चैत्रातली एक शनिवारची दुपार त्यांना आठवली. एसीचं पाणी गळून सुवर्णाच्या टेबलावर तपकिरी डाग पडला होता. "अहो, बघा की, डोक्यावर कुणी चहा सांडल्यासारखं दिसतंय," असं ती आठवडाभर म्हणत होती. बदलीची टाइल यायला महिना लागला असता. छतवाल्यांची रीत साधी आहे. डागाळलेली टाइल कोपऱ्यातल्या खोलीत ढकलायची आणि तिथली चांगली काढून समोर लावायची. कुणाला कळत नाही. मल्लिनाथांनी हे शेकडो वेळा केलं होतं. ऑफिस सुटलं होतं, दोघंच होते. सुवर्णानं शिडी धरली. नोंदींच्या खोलीतली टाइल तिच्या डोक्यावर आली, तिची तिकडं गेली. क्रमांकांची अदलाबदल फोनवर नोंदवायची होती, दोन मिनिटांचं काम होतं. सोमवारी करू म्हणाले. सोमवारी दुसऱ्याच कामावर गेले.

मग म्हेत्र्यांना निरोप येऊ लागले. सुवर्णा रात्री जेवताना सांगायची, "बिचारे आज पुन्हा छातीचा फोटो काढून आले." मल्लिनाथ म्हणायचे, "यंत्र नवं आहे, भुंकतं." आणि ती खोकत खोकत हसायची. डॉक्टरकडे चल म्हटलं की तिचं एकच उत्तर असायचं, "फायलींची धूळ हो. माझी हुंगणी गप्प आहे ना?"

तिची हुंगणी म्हेत्र्यांचा श्वास हुंगत होती.

"अप्पा?" शिवलीला म्हणाली.

गप्प बसणं सोपं होतं. सही केली की काम संपणार होतं. नऊ मजल्यांवर पाच-सहा महिने उशिरा बोलणारी टाइल लागणार होती. मुलगी रोज संध्याकाळी फोन करत होती, तशीच करत राहणार होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ती टाइल चुकली नव्हती, तळवलकर. ती म्हेत्र्यांच्या डोक्यावर नव्हतीच. मी बदलली होती. डाग पडला होता म्हणून. नोंद करायची राहिली." त्यांचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांना नवल वाटलं. "सात महिने ती सुवर्णाचंच सांगत होती. जुनीच लावा. आणि तुमच्या लोकांना लिहून कळवायचं असलं तर माझं नाव घालून कळवा."

तळवलकरांनी वही उघडली.

शिवलीलानं जुना नमुना ओढून घेतला आणि वडिलांसारखाच उलटा केला. कुणी धरल्याशिवाय शिडी चढायची नाही, हा अप्पांचा नियम ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यापायी त्यांनी दोन कारागीर कामावरून काढलेले तिनं पाहिले होते.

"अप्पा," तिनं मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी तुमची शिडी कुणी धरली होती?"