धुमसता भुसा

"पानी भेटेल का जी?"

मागून पुरुषी आवाज आला अन् वच्छला गर्रकन वळली. जुनवानीजवळच्या या आरा मिलमध्ये आता चिटपाखरूही नव्हतं! स्टील प्लांटसाठी जमीन गेली, लाकूड चिरणारी चाळीस घरं पांगली. उरलं ते थंड धुराडं आणि भुशाचा डोंगर. पण हा भुसा लबाड, वरून शांत, आतून वर्षानुवर्षं धुमसणारा. जिथे पोकळ होईल तिथे कोणी पाय देऊ नये म्हणून लाल चिंधीचा बांबू रोवायचा, ही मिलची रीत. मागे राहिलेले तिचे बाबा, पुंडलिक मिस्त्री, गुडघ्यांच्या दुखण्याने घरी बसले. म्हणून हे काम तिच्याकडे.

पाणी मागणारा माणिक, दुर्गचा, प्लांटचा सर्व्हेवाला. त्याला रोज नेमकी तिथेच तहान लागू लागली. काय बाई योगायोग!

"तुमच्या साहेबाकडं माठ नाही का?"

"आहे ना. पन माठ बोलत नाही..."

ती हसली अन् घाबरलीही. कोणी पाहिलं तर? आणि मोजणी संपली, हा गेला, तर? दुसरी भीती जास्त छळायची.

त्या दुपारी ती बांबू रोवून उतरली, तर माणिक ढिगावर! त्याच्या खात्यात लाल झेंडी म्हणजे उभं राहून मोजायची जागा. मिलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट याला सांगावी लागेल, हे तिला सुचलंच नव्हतं.

"माणिकराव, थांबा! मांगं फिरा!"

"कावून? आज पानी नाही भेटत का?" हसत त्याने झेंडीकडे पाऊल टाकलं...

भुसा खचला. पाय गुडघ्यापर्यंत आत, भोवती धूर. "वच्छला—!"

ती धावली, भुशावर पालथी पडली, हातात उरलेला बांबू पुढे सरकवला. "हलू नका... हलू नका म्हनते ना! बांबू धरा!" सगळा जीव लावून तिने ओढलं. बूट आतच राहिला, माणूस बाहेर आला. दोघं घरंगळत खाली.

"मेल्या, जीव घेतला असता माहा!" ती हमसून रडू लागली.

करपलेली पँट झटकत तो पुटपुटला, "जीव तं माहा चालला होता..."

"एकच आहे ते!"

बोलून गेली अन् कानापर्यंत लाल झाली. तिकडून मोजणीची साखळी टाकून सर्व्हेची माणसं धावत येत होती.

"वच्छला, लोक येऊन राहिले. हात सोड."

तिने त्याच्या हातावरची पकड आणखी घट्ट केली.

"नाही सोडत," ती म्हणाली.