निळ्या ओळी

कीर्तनात बुवा कितीही मोठा असो, त्याची अर्धी लाज मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याच्या हातात असते. बुवांनी ओळ टाकायची, झीलकऱ्याने तिचं शेपूट उचलून घोळवत ठेवायचं आणि तेवढ्यात बुवांनी श्वास घ्यायचा. अंबरनाथच्या विनीतबुवांना हा श्वास हरिचंद्रने आयुष्यभर दिला. आवाज थोडा नाकातला, ओळीला जरा उशिरा यायचा. पण कधी चुकला नाही. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, आख्यानं गात दोघांनी बदलापूरपर्यंतच्या साऱ्या ख्रिस्ती मंडळ्या पालथ्या घातल्या.

गेल्या उन्हाळ्यात हरिचंद्र प्रभूघरी गेला. बुवा एकटेच दोघांचं गाऊ लागले. आठवडाभर कारखान्यातल्या कामाची वाफ घशात आणि रविवारी कीर्तन. घसा बसला तो उठेना. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठ आहे. असंच ताणलंत तर गाणंच काय, बोलणंही जाईल.

"सोडा आता," माधवी म्हणाली. बायकोचं खरं होतं. पण सोनिवलीच्या नव्या मंडळीला बुवांनी शब्द दिला होता आणि कीर्तन सोडून जगायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बारीक अक्षर दिसेना म्हणून कॅम्प दोनच्या सिंधी वस्तीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या जितेशने त्यांच्या लॅपटॉपवर बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्यात ओळी रंगवायची सोय होती. रंग आपण निवडायचे, नावं आपण द्यायची. बुवांनी बोलायच्या ओळी पिवळ्या केल्या. गायच्या हिरव्या, नाव दिलं 'माझं'. मग हाताच्या सवयीने ओळींच्या शेपटांना निळा लावला. नाव विचारलं तेव्हा टाइप केलं, 'हरिचंद्र'.

माधवीने मागून पाहिलं. "अहो, आता कोण धरणार ती झील?"

"राहू दे. पानाला शोभा येते."

सोनिवलीला नव्या इमारतीच्या हॉलमध्ये कीर्तन रंगलं. वादळात सापडलेल्या होडीचं आख्यान. समोर उघड्या ठेवलेल्या लॅपटॉपवर निळी अक्षरं आली आणि बुवा सवयीने थांबले. मागे कुणी नाही, हे आठवायच्या आत झील आली.

थोडी नाकातून. जरा उशिरा.

बुवांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती, तिला ताज्या रंगाचा वास येत होता. मंडळी टाळ्यांचा ठेका धरून बसली होती. गात असेल त्यांतलंच कुणी, असं म्हणून बुवांनी देवाचे आभार मानले आणि पोटभर श्वास घेतला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पान उघडलं, तर निळा शेपटावरून सरकून अर्ध्या ओळीवर आला होता. ते लॅपटॉप घेऊन जितेशकडे गेले.

"बुवा, हे तुम्हीच केलंय," जितेश म्हणाला. "तुमच्याच लॉगिनने सेव्ह है."

"मी हात लावला नाही."

"मग काय भुताने केलं? साईं, चष्मा बदलून घ्या." तो हसला आणि निळा काढून दिला.

घरी येईपर्यंत तो परत आला होता. बुवांनी पुसायला बोट नेलं आणि मागे घेतलं. घसा बऱ्याच दिवसांनी दुखत नव्हता. थकल्या माणसाला आयता श्वास जड होत नाही.

रविवारमागून रविवार गेले. निळा वाढत गेला. बुवांनी नुसते ओठ हलवावेत, उरलेलं मागून यावं. गाठ आक्रसली म्हणून डॉक्टर खूश. आवाज परतला म्हणून मंडळी खूश.

मग एका रविवारी झील मागून आली नाही.

समोरून आली. बुवा उभे होते तिथूनच, त्यांच्या छातीच्या पुढ्यातून. सगळी मंडळी त्यांच्याच तोंडाकडे डोळे लावून डोलत होती.

बुवांनी तोंड उघडलं. ओळ कधीच सुरू झाली होती.

त्यांना फक्त शेवटचे दोन शब्द मिळाले.

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. आख्यानाचं पान वरपासून खालपर्यंत निळं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेवढे दोन-दोन शब्द हिरवे. 'माझं'.

त्यांनी सगळे रंग काढून टाकायचं बटण शोधलं. दाबलं. पान हललं नाही.

"दमलात ना आज?" स्वयंपाकघरातून माधवीचा आवाज आला. "चहा ठेवू का?"

बुवांना सांगायचं होतं, जितेशला फोन लाव. सांगायचं होतं, इकडे ये, माझ्याजवळ बस. त्यांनी श्वास घेतला.

"ठेवू का," ते म्हणाले.

माधवी हसली. "मलाच काय विचारता? आलं घालू का?"

"घालू का."

भांड्याचा आवाज थांबला. माधवी दारात येऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. शब्द बुवांच्याच तोंडून आले होते. पण थोडे नाकातून, आणि जरा उशिरा.